कागदाला लावलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या कंपासपेटीत असते ती गोल टोकाची, रंगीत मुठीची, तसली नव्हे हं मी. मी शिवणाची कात्री, सगळी लोखंडी, हाताला जड. माझा जन्म कापडासाठीच झाला आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

तापलेल्या पोलादावर घाव पडले, दोन पाती एकमेकांना नीट बसेपर्यंत घासली आणि मधोमध खिळा ठोकून आमची जोडी जमवली. मग मी नगरच्या कापडबाजारातल्या एका दुकानात काचेआड पडून राहिले. तिथे एक दिवस मेरीबाई आली. तेव्हा ती नवीन नवरी होती आणि मिशनच्या शिवणवर्गात शिकलेली होती. तिने दुकानातल्या कात्र्या एकेक करून कानाजवळ धरल्या, उघडल्या, मिटल्या. माझा आवाज तिला पसंत पडला. माझ्या बाकीच्या बहिणींची तोंडं तेव्हा बघायला हवी होती.

मेरीबाईचं घर श्रीरामपूरला, रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि भिंतीवर एक खिळा. तो खिळा माझा. दुसरं काहीही त्यावर टांगायचं नाही, अशी घरात ताकीद होती. मेरीबाई लहान मुलांचे कपडे शिवायची. झबली, टोपडी, दुपटी, बारशाचे फ्रॉक, बाप्तिस्म्याचे पांढरे झगे. तिचे यजमान लवकर वारले तेव्हा मुलगा शांतवन शाळेतही जायला लागला नव्हता. पुढे तो मोठा झाला, टेम्पो चालवायला लागला, तोवरचं घर मेरीबाईने आणि मी चालवलं. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

तिचा एकच नियम होता. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही. कागद दिसायला मऊ, पण पात्याची धार खाऊन टाकतो, आणि मग तीच कात्री कापड कापायचं सोडून चावत बसते. एकदा शांतवनने घाईत माझ्याने दुधाची पिशवी कापली. "आता जेवायला बी तिच्याकडनंच घे," एवढं बोलून मेरीबाई संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मला फार बरं वाटलं.

मग सून आली. सिल्व्हिया, राहुरीची. माहेरून तिने भांडीकुंडी कमी आणि रंगाच्या बाटल्या जास्त आणल्या. शिवण ती सासूच्या हाताखाली भराभर शिकली, आणि तिने डोकंही चालवलं. सुटे कपडे विकण्याऐवजी तिने अख्खा बाळंतविडा करायला घेतला. झबलं, टोपडं, दुपटं, छोटी गोधडी, सगळं एका रंगसंगतीत, टोपलीत मांडून. मोबाईलवर फोटो टाकले. नगर, पुण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. मेरीबाई शेजारणींना सांगायची, "माझी सून टोपलीत घालून इकती." त्यात अभिमान होता की टोमणा, ते मला कधी कळलं नाही.

पण सिल्व्हियाचं खरं वेड वेगळंच. दुपारी जेवणं उरकली की ती मोठाले कागद रंगवायची, कापायची आणि थरावर थर चिकटवून चित्रं करायची. चित्रंही कसली? उसाच्या पानांचे पंख असलेला बगळा. पोटात दिवा जळणारी म्हैस. आणि सगळ्यात मोठं चित्र होतं एका कासवाचं. ते मुळा धरणाच्या तळाशी झोपलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उठतं आणि चालायला लागतं. त्याच्या पाठीवर एक गाव असतं. चर्च, देऊळ, मशीद, एसटी स्टँड, चहाची टपरी. गावातल्या लोकांना पत्ताच नाही की आपण चाललोय. ते आपले रोज एकमेकांना विचारतात, "आज सूर्य भलतीकडून कसा उगवला?"

हे सगळं ती शिवता शिवता सासूला सांगायची. मेरीबाई म्हणायची, "काय खुळ्यावानी बोलती गं." आणि दुसऱ्या दिवशी मशीनला तेल घालताना, मान वर न करता, हळूच विचारायची, "मग, त्या टपरीवाल्याला कळलं का न्हाई?"

आता ऐका, माझ्यावर काय वेळ आली ते. सिल्व्हियाची कागदाची कात्री होती स्वस्तातली. कासवाच्या पाठीवरचं गाव कापताना, त्या बारीक खिडक्या आणि पायऱ्या करताना, त्या कात्रीची मूठ मोडली. मेरीबाई बायकांच्या प्रार्थनेला गेली होती. सिल्व्हियाने खिळ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मला खाली काढलं.

मला संताप आला, मित्रांनो. मी, जिने निम्म्या गावाची बाळं नटवली, ती कागद कापणार? पण पहिल्या कापानंतर मी गप्प झाले. कापडावर नेहमी खडूची रेघ असते. मला फक्त तिच्यावरून जायचं असतं. इथे रेघच नव्हती. सिल्व्हिया कागद फिरवत होती, मी चालत होते, आणि पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. मला भीती वाटली. पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी मात्र मी सिल्व्हियाची वाट पाहत होते.

पुढे व्हायचं तेच झालं. स्टीफन गुरुजींच्या नातीचा बाप्तिस्मा रविवारी होता. झग्यासाठी गुरुजींनी स्वतः पांढरं साटीन आणून दिलं होतं. मेरीबाईने खडूने आखलं, मला लावलं, आणि मी ते साटीन चावलं. सरळ काप जायच्या जागी मधोमध धागे ओढले गेले आणि कापड पार चुरगळलं. तिने मला खिडकीपाशी नेलं, पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला हिरवा रंग लागला. कासवाचा.

"कागद कापलास?"

"हो, आई."

मेरीबाई ओरडली नाही. तिने चप्पल घातली, बाजारातून तसंच साटीन आणलं, शेजारणीची कात्री मागून घेतली आणि झगा वेळेत शिवून दिला. गुरुजींना काही कळलं नाही. पण दुसऱ्याची कात्री मागायची वेळ मेरीबाईवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. सिल्व्हियाने ते पाहिलं. तिने त्याच दिवशी चित्रं गुंडाळली, रंगाच्या बाटल्या जुन्या सुटकेसमध्ये भरल्या आणि सुटकेस पलंगाखाली ढकलली.

"राहू दे आता ते," ती शांतवनला म्हणाली. "दोन्ही नाही जमत. आधी घर."

धार लावणारा हनुमंत सायकल घेऊन गल्लीत आला तेव्हा मला त्याच्याकडे दिलं. त्याने चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या. मग पातं डोळ्यासमोर धरून तो म्हणाला, "मेरीबाई, लई झिजली ही. आता अजून एकडाव लागंल धार. त्याच्यापुढं पातंच न्हाई राहणार."

मी आपल्या खिळ्यावर परत आले. बाळंतविड्यांच्या ऑर्डरी वाढल्या. सिल्व्हियाचं काम इतकं नेटकं झालं, की मेरीबाईला बोट ठेवायला जागा उरेना. सगळं कसं मनासारखं चाललं होतं, आणि तरी ती खोली मला नकोशी वाटायला लागली. मशीनचा आवाज तेवढा असायचा. एका दुपारी मेरीबाईनेच विषय काढला, "त्या कासवाचं पुढं काय झालं गं?"

"काही नाही आई. झोपलंय."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मला वाईट वाटलं. मेरीबाईला तर त्याहून जास्त. त्या दिवशी तिने एक शिवण उसवली, पुन्हा घातली आणि पुन्हा उसवली.

मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्या बाईला टोपड्यावर काहीतरी वेगळं हवं होतं, एखादा पक्षी, एखादं फूल, काहीही चालेल म्हणत होती. पूर्वीची सिल्व्हिया असती तर तिने त्या टोपड्याला चार पायांचा मोर लावला असता आणि वर त्याचं नावही ठेवलं असतं. आता ती म्हणाली, "ताई, फोटोत आहे तसंच मिळेल." फोन ठेवून ती पुढचं टोपडं शिवायला लागली. मेरीबाईचे हात मात्र थांबले.

नाताळची घाई संपली आणि हनुमंतची सायकल पुन्हा आली. मेरीबाईने मला त्याच्यापुढे धरलं. "लाव," ती म्हणाली.

"ही शेवटची बरं का. बघा, इचार करा."

"केलाय. लाव तू."

घरी आल्यावर तिने मला खिळ्यावर टांगलं नाही. गुडघ्याला हात लावत ती खाली बसली, पलंगाखालची सुटकेस ओढली, गुंडाळलेलं कासव जमिनीवर पसरलं आणि मला त्याच्यावर ठेवलं.

सिल्व्हिया दारात उभी होती. "आई, हे काय?"

"ही आजपासून कागदाची. कापडाला बाजारातनं नवी आण."

"अहो, नवी मी कागदाला घेईन ना. ही तुमची कात्री. कागदाला लावली तर संपली."

"कशाला तरी लावून संपायचीच हाय ती." मेरीबाईने कागदाची दुमड तळहाताने सपाट केली. "झबली कापायला कुठली बी चालंल. मापं ठरल्याली, रेघ ठरल्याली. नवी आपली रोज तेच कापत बसंल. हिच्यात जे काय उरलंय ना, ते मला तिकडं घालवायचं न्हाई. आन् घर चालंल गं. मी हाय, तू हायेस, शांतवन हाय. पर तू अशी गप बसलीस, तर मी दिसभर कुणाचं ऐकू?"

सिल्व्हिया खाली बसली. तिने मला हातात घेतलं. कागद कुठून कापायचा हेच तिला सुचेना. किती महिने झाले होते. तिने डोळे पुसले. मेरीबाई समोर दुपट्याला टीप घालायला बसली होती. ती म्हणाली, "आधी पाय काप त्याचा. पायच न्हाई, तर चालंल कसं?"

तेव्हा सिल्व्हिया हसली. आणि कापायला लागली.

मित्रांनो, त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. अजूनही ऑर्डरींची गर्दी झाली की दुपार त्यातच जाते आणि कासव तसंच पडून राहतं. मग सिल्व्हिया चिडचिड करते, मेरीबाई "मी काय तुला बांधून ठिवलंय का," म्हणते, शांतवन टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पळतो. माझ्या खिळ्यावर आता नवी कात्री असते, काळ्या मुठीची, भारी तोरा तिचा. मी रंगांच्या बाटल्यांजवळ असते.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ओली ठेवू नका, तिच्या टोकाने डबे उचकटू नका, महिन्यातून एकदा पात्यांमधल्या खिळ्यात तेलाचा थेंब सोडा. हे झालं आमच्यापुरतं. तुमच्यापुरतं एक सांगते. मनापासून आवडणाऱ्या कामाला, सगळी कामं उरकल्यावर उरलेली बोथट घटका देऊ नका. त्यालाही कधी कधी चांगली धार द्या, आणि घरात कुणी तशी देऊ पाहत असेल तर त्याच्या आड येऊ नका.

माझी धार रोज थोडी कमी होते, ते मला कळतं. कासवाचे पुढचे पाय झाले, शेपूट झालं, टपरीवर चहा प्यायला माणसं आली. मागचे पाय तेवढे राहिलेत. तेवढं कापून होईल माझ्याने.