अकरावी गाठ

म्हातारी युआ गेली, तेव्हा तिच्या उशीखाली काळा दोरा सापडला. त्याला अकरा गाठी होत्या. सापडला तो तिच्या नातीला, काब्लियाला, आणि त्याचा अर्थ कळणारी घरात ती एकटीच होती.

सोळा वर्षांची पोर. थायलंडच्या निर्वासित छावणीतून अमेरिकेत सेंट पॉलला आली तेव्हा तीन वर्षांची होती. शाळेत डब्यातला चिकट भात बघून पोरी नाकं मुरडायच्या, म्हणून तिने आधी डबा सोडला आणि मग घरची ह्मोंग भाषा बोलायचंही सोडलं. आजीने हाक मारली की ही इंग्रजीत ओ द्यायची. मग आजीला कॅन्सर झाला आणि इस्पितळात दुभाष्याचं काम हिच्याच गळ्यात पडलं. डॉक्टर तीन वाक्यांत मरण सांगून मोकळे व्हायचे. ते आजीच्या भाषेत सांगताना हिची जीभ पुन्हा वळायला लागली.

मरणाची भीती म्हातारीला नव्हतीच. भीती होती वाट चुकण्याची. मेलेला जीव आल्या वाटेने मागे जातो, राहिलेल्या प्रत्येक जागेचे आभार मानत, थेट जिथे जन्मावेळची त्याची वार पुरली तिथपर्यंत. एक जागा गाळली तर तिथेच घुटमळत राहतो.

"तुम्हाला बसचा नंबरसुद्धा फोनमध्ये बघावा लागतो," म्हातारी म्हणायची. "माझी वाट कोण ध्यानात ठेवणार?"

"मी ठेवते," काब्लिया म्हणाली, आणि वही घेऊन बसली. आजी जागेचं नाव सांगायची, ही लिहायची. आजीला लिहिता येत नव्हतं, ती दोऱ्याला गाठ मारायची.

वहीत नावं मात्र दहाच होती. काब्लियाने दोरा बापाला, नेंगला, दाखवला. तो म्हणाला, म्हातारपणी मोजायला चुकतं माणूस. भाजीत मिरच्यासुद्धा मोजून टाकणारी बाई गाठ चुकेल, हे त्याला स्वतःला तरी पटलं होतं का, देव जाणे.

सकाळी मयताच्या हॉलमध्ये सगळं कुळ जमलं. वाट गाऊन दाखवणारे चोंग्पाओ आजोबा प्रेताच्या उशाशी बसले. काब्लियाची वही त्यांनी ऐकून घेतली होती. त्यांनी सेंट पॉलचे आभार मानले, नळाच्या पाण्याचे आणि हीटरच्या उबेचेही, आणि बांबूच्या दोन फाका जमिनीवर टाकल्या. कौल मिळाला. छावणीलाही मिळाला. मग नदी आली. म्हातारी मेकाँग उलटी ओलांडून लाओसच्या काठाला लागली आणि तिथेच अडली. नऊ वेळा फाका टाकल्या, नऊ वेळा उलट्या पडल्या.

"हिचं इथं काहीतरी राहिलंय," आजोबा म्हणाले.

काब्लिया उठली. आत्याने तिची बाही ओढली. तिथे पोरींनी बोलायचं नसतं.

"आजोबा, गाठी अकरा आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे नावं दहा."

आणि तिने बापाकडे बघितलं. नेंगने मान खाली घातली. बोलला तेव्हा जमिनीशीच बोलला. लढाईनंतर लाओस सोडून पळताना त्या काठावर बांबूच्या बनात ही मायलेकरं सहा दिवस लपली होती. शिपाई हाकेच्या अंतरावर. नेंगचा चार महिन्यांचा भाऊ रडू नये म्हणून आई त्याला पाण्यात कालवून अफूचा थेंब द्यायची. सहाव्या दिवशी ती कंद उकरायला गेली आणि आठ वर्षांच्या नेंगला सांगून गेली, रडला तर एक थेंब दे.

"रडला. मी एक दिला. परत रडला." नेंग म्हणाला. "किती दिले ते आईने कधीच विचारलं नाही."

काब्लियाला मोजलेल्या मिरच्या आठवल्या, आणि हिशेब मागणाऱ्या आपल्या वहीची तिला लाज वाटली.

"जागेचं नाव सांग," आजोबा हळूच म्हणाले.

"नाव नव्हतं तिला."

"बिननावाच्या जागेचे आभार कसे मानू? पोराचं नाव काय होतं?"

अडतीस वर्षांत ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"फेंग."

"मग फेंगचीच जागा म्हणतो. सरपण दिलं होतं त्या जागेनं?"

"विस्तव पेटवायची सोय नव्हती."

"पाणी?"

"पाणी होतं," नेंग म्हणाला.

आजोबांनी गायलं, फेंगच्या जागे, तुझं पाणी प्यायलो, आता आईला पुढं जाऊ दे. फाका टाकल्या. पहिल्याच खेपेला कौल मिळाला, आणि म्हातारी पुढच्या गावाला निघाली.

काब्लियाने वहीत अकरावं नाव लिहिलं. नेंग येऊन तिच्या शेजारी बसला. त्याने त्या नावावर बोट ठेवलं.

"माझ्यासाठी पण एक वही कर," तो म्हणाला. "मलाही त्याच वाटेनं जायचंय."