बॉबिन संपल्याचा आवाज

नवऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून आमचा टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू येतो. कानाचं यंत्र कपाटात पडून असतं. नणंदबाईंचा फोन आला की तेवढं बरोबर कानात जातं. मी टीव्ही बारीक करायला सांगितलं की, "उगाच ओरडू नकोस."

मी शिवणकाम करते. खालच्या बॉबिनचा दोरा संपला की मशीनचा आवाज पोकळ होतो, तेवढीच खूण. परवा टीव्हीच्या कोकलण्यात ती ऐकूच आली नाही. अर्धी शिवण नुसत्या वरच्या दोऱ्यावर गेली आणि भर वर्गात मास्तरीणबाईंच्या कोटाची बाही उसवून लोंबली. त्या घरी येऊन मला नाही नाही ते बोलल्या. त्यांच्यासमोरच हे म्हणाले, "हिचं कामात लक्षच नसतं."

आज नणंदबाईंकडे जेवायला जायचंय, म्हणून ह्यांची नवी पँट शिवत होते. स्वारी आंघोळीला गेलेली, टीव्ही बंद. मागची शिवण अर्ध्यावर आली आणि मशीनचा आवाज पोकळ झाला. अगदी स्वच्छ ऐकू आला.

मी तशीच शेवटपर्यंत शिवली, कडक इस्त्री केली आणि पँट दारामागे लावून ठेवली.