बोर्डावरचं कुंकू

मेलेली वस्तू घेऊन येणारी माणसं आधी ती किती चांगली होती ते सांगतात. लॅपटॉप असो नाहीतर टीव्ही, "परवापर्यंत मस्त चालत होता हो" हे ठरलेलं. मला त्याचा राग येतो. परवापर्यंत चालत होता म्हणूनच तर माझ्याकडे आणलात ना.

नीलाताई तसलं काही बोलल्या नाहीत. दसरा होऊन आठवडा उलटला असेल. चामराजपेटेतल्या माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या, कापडी पिशवीतून एक छोटा कॉम्प्युटर काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "यात आमच्या ह्यांचा आवाज आहे."

"बसा अक्का," मी म्हटलं.

"अक्का नको गं, ताई म्हण. अक्का म्हटलं की मी शेजारच्या यल्लाप्पांची थोरली बहीण झाल्यासारखं वाटतं."

आमचं घराणं बेंगळुरूत इतकं जुनं, की माझं मराठी ऐकून पुण्याकडची माणसं गालात हसतात. मी त्यांनाही हसू दिलं. जीभ अक्कावरच वळते, त्याला मी काय करणार.

त्यांचे यजमान, उपेंद्रराव, एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर होते. निवृत्तीनंतर बनशंकरीला घर बांधलं आणि घराचा रंग वाळतोय तोवर दुखणं निघालं. मज्जातंतूंचं. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं अडखळायला लागलं. बोलणं पुरतं जायच्या आत या माणसानं रोज सकाळी माइकसमोर बसून आपल्याच आवाजात वाक्यं भरून ठेवली. आता फक्त डोळे हलतात. पडद्यावरचा कॅमेरा ते डोळे बघतो. ज्या वाक्याकडे ते पाहतील, ते त्यांच्या आवाजात वाजतं. "नीला, पाठ खाजतेय." "त्या बातम्या बंद कर." "आमटीत गूळ जास्त झालाय."

"आणि एक आहे, 'मी बरा आहे'," नीलाताई म्हणाल्या. "त्याच्या आधी खाकरलेत. खोटं बोलायच्या आधी खाकरायची जन्माची खोड. तेच रेकॉर्ड झालंय. मुलीचा फोन आला की ते वाजवतात, आणि मी इकडे हसते."

मी विचारलं, "कॉपी कुठं ठेवलीत?"

"कॉपी नाही."

"पेनड्राइव्हवर? इंटरनेटवर कुठं?"

"अगं, त्यांच्या ऑफिसात पेनड्राइव्ह खिशात सापडला तर चौकशी बसायची. सगळी हयात तिथं गेली. घरातलं कॅलेंडरसुद्धा ते नेटवर टाकू देत नाहीत."

देशाची गुपितं सांभाळता सांभाळता माणसानं स्वतःचा आवाजही गुपितासारखा एकाच पेटीत ठेवला. मी चार खरमरीत शब्द बोलणार होते. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि स्क्रू काढायला घेतले.

झाकण उघडून बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हवा जायच्या जाळीच्या खाली, दोन चिपांच्या मधोमध लाल कीट बसलं होतं. बोर्डावरचा गंज हिरवा असतो, असा लाल नसतो. चिमट्यानं टोकरलं तर त्यातून शेवंतीची सुकलेली पाकळी निघाली. कडेला पिवळं होतं, ती हळद.

मान वर न करता मी विचारलं, "खंडेनवमीला पूजा केली होती का याची?"

"केली तर. इकडे लोक रिक्षांची करतात, बसची करतात, गिरणीची करतात. हा तर आमच्या घरात बोलतो. आदल्या संध्याकाळीच बंद करून पाटावर ठेवला, त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं ना. सकाळी फुलानं पाणी शिंपडलं, ओलं हळदकुंकू वाहिलं, जाळीत शेवंती खोवली. दसऱ्याला सुरू केला तर एकदा लुकलुकला आणि गेला."

"आणि साहेब?"

"ते समोरच होते खाटेवर. डोळे सारखे मिचकावत होते. भरून आलं असणार त्यांना. माझंही भरून आलं."

मला रडू आलं नाही, राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. तो इंजिनियर समोर पडून बघत होता. पाणी आत जातंय हे त्याला कळत होतं. ओरडायचं ज्याच्यानं, तेच बंद करून पाटावर ठेवलं होतं.

"का गं, पूजेचं का विचारलंस?"

"असंच, अक्का. वास आला कापराचा," मी म्हटलं. "चिप जुनी झालीये. स्वल्प वेळ द्या मला."

"सरी," त्या बरं म्हणाल्या, माझ्याच कानडी हेलात, आणि पिशवीची घडी घालून गेल्या.

वीज सांभाळणारी चिप जळली होती, ते सोपं होतं. एस. पी. रोडच्या भंगारातून त्याच मॉडेलचा फुटक्या पडद्याचा एक कॉम्प्युटर शोधून आणला, त्याच्या बोर्डावरची चिप गरम हवेनं उतरवली. आपला बोर्ड धुतला, कुंकू ब्रशनं खरवडलं, जळकी चिप काढून तिथं ही ठेवली. सोल्डर वितळलं की चिप स्वतःहून जरा सरकते आणि नेमकी जागेवर बसते. एवढी वर्षं हे करतेय, पण अजूनही तेवढ्या वेळापुरता माझा स्वभाव चांगला असतो.

गार होऊ दिलं आणि वीज दिली. हिरवा दिवा लागला, पंखा फिरायला लागला. नीलाताईंना फोन करायला मी मोबाइल उचललादेखील. तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली, की साठवण सापडत नाही.

या लहान कॉम्प्युटरात वेगळी डिस्क नसते. सगळं साठवणारी चिपही बोर्डावरच डकवलेली असते. पहिली चिप जळताना तिनं नको तेवढी वीज हिच्यात सोडली होती. मी ती उतरवली, खालचे सोल्डरचे मणी नवे बसवले, चिप वाचणाऱ्या रीडरमध्ये ठेवली. रीडरनं तिला ओळखलंच नाही. पुन्हा पुसली, पुन्हा ठेवली, रीडर बदलला. शेवटी महादेवपुऱ्यात डेटा काढून देणारा तनय आहे, त्याच्याकडे दिली. माझ्याहून भारी यंत्रं आहेत त्याच्याकडे. त्याचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं. "अक्षरा, इसमें कुछ नहीं बचा," तो म्हणाला.

मी नवी कोरी चिप लावली. तिच्यावर सगळं पहिल्यापासून भरलं, डोळ्यांचा कॅमेरा चालू केला, आणि बोलण्यासाठी कंपनीचा तयार मराठी आवाज घातला. मग नीलाताईंना फोन करून सांगितलं, की मशीन चालेल, साहेबांचा आवाज मात्र नाही मिळाला.

 त्यांनी विचारलं, "म्हणजे दुरुस्त झालंय की नाही?"

  "मी घरीच येऊन बसवून देते," म्हटलं.

बनशंकरीच्या त्या घरात उपेंद्ररावांची खाट दिवाणखान्यात, देव्हाऱ्यासमोरच होती. मी पडदा त्यांच्या तोंडासमोर बसवला, कॅमेरा सारखा केला. ते माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यातच कळलं, याला सगळं ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला कळलंय.

नीलाताईंनी पदराला हात पुसले आणि खाटेच्या कडेला बसल्या. "अहो, एक विचारू? चिप जुनी झालीये असं ही म्हणाली, पण हिनं पूजेचं विचारलं, तेव्हापासून मनात आहे माझ्या. माझ्या हातून काही झालं का? तुम्ही समोर होतात. खरं सांगा."

मी तारा गुंडाळायला लागले. गुंडाळण्यासारखी तार एकच होती.

उपेंद्ररावांचे डोळे पडद्यावरच्या एकेका अक्षरावर थांबत गेले. फार वेळ लागला. मग बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा स्वच्छ, तरुण, शुद्ध आवाज खोलीत आला. "चिप जुनी होती."

त्यांच्या घरात हा आवाज पहिल्यांदा आला आणि माझंच खोटं बोलला.  नीलाताईंनी मान जरा कलती केली होती, कान पडद्याकडे. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

डोळे पुन्हा फिरायला लागले. "मी बरा आहे," आवाज म्हणाला.

 नीलाताईंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "अगं, यात त्यांचं ते खाकरणं नाही का घालता येणार?"

"नाही, ताई," मी म्हटलं.

"मग आता मला कसं कळायचं?"

उपेंद्ररावांनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेले असले की ते मशीन काही बोलत नाही.