अडतीस फुटांची ऐट

जानेवारीतल्या एका सकाळी, आठला पाच मिनिटं कमी असताना, अर्लीन हूकस्ट्रा कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि हिच्या डोक्यात जुलै. मिशिगनच्या त्या उद्यानात तळ्याकाठी तंबू ठोकायला जागा हवी असेल, तर सहा महिने आधी आठच्या ठोक्याला बुकिंग उघडतं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी चांगल्या जागा उडालेल्या असतात. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढलेल्या अर्लीनला असली शिस्त पाळताना कधी कष्ट पडले नाहीत. ज्यांना ती जमत नसे, त्यांना ती मनातल्या मनात नापास करून मोकळी होई.

नापासांच्या यादीत सर्वांत वर तिचा धाकटा भाऊ, डर्क.

डर्कने जन्मभर गालिचे विकले आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. अडतीस फूट लांब. दोन टीव्ही, मागेपुढे झुलणारी खुर्ची, संगमरवरासारखा दिसणारा पण संगमरवर नसलेला ओटा. अर्लीन ते बघायला गेली, तेव्हा त्याने रिमोटने एक शेकोटी पेटवून दाखवली. तिच्यात कागदी ज्वाळा फडफडत होत्या.

"विजेची आहे," तो म्हणाला.

"दिसतंय."

"तुला नाही कळायचं. तू तीस वर्षं जमिनीवर लोळतेस आणि त्याला सुट्टी म्हणतेस."

अर्लीनने न्हाणीघरातलं एक कपाट उघडलं, तर दाराची मूठ तिच्या हातात आली. तिने ती मुकाट्याने बेसिनवर ठेवली. "चालवून पाहिलीस का रे?"

"विकणाऱ्याने दुकानाभोवती एक चक्कर मारून दाखवली ना!"

स्वतः चालवलेली नव्हती. बायकोला, वॉनिताला, विचारलंही नव्हतं. वॉनिताच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. कित्येक वर्षांत तिने तळं पाहिलं नव्हतं. ती त्या झुलत्या खुर्चीत अवघडून बसली होती, आणि डर्क सांगत होता की हे सगळं तिच्यासाठीच आहे.

डिसेंबरात त्याचा फोन आला. "जुलैत तुझ्या शेजारची जागा आमच्यासाठी घेऊन टाक."

"तुला नाही घेता येत?"

"सकाळी उठून बटणं दाबायची हौस तुला आहे. जागा तर धरायची, त्यात काय मोठं शास्त्र!"

ते वाक्य अर्लीनला महिनाभर कुसळासारखं टोचत राहिलं.

आठ वाजले. तिने आधी स्वतःच्या तंबूसाठी एकेचाळीस नंबर धरला. शेजारचा बेचाळीस मोकळा होता. त्याच्याखाली स्पष्ट लिहिलं होतं, गाडीची लांबी जास्तीत जास्त तीस फूट. मोठ्या गाड्यांच्या जागा उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला होत्या आणि त्यांतल्या दोन अजून शिल्लक होत्या. तिचं बोट क्षणभर थांबलं. मोठं शास्त्र नाही ना? मग वाच बाबा पावती. तिने बेचाळीस नंबर घेतला आणि पावती डर्कला पाठवून दिली. पाठवली म्हणजे सांगितलं, असं तिने स्वतःला बजावलं.

जुलैत डर्क आला तो भोंगा वाजवतच. बेचाळीसकडे जाणारी वाट पाइनच्या झाडांमधून वळत जाते. उद्यानाची कर्मचारी, पंचविशीची मुलगी, धावत आली. "साहेब, ही गाडी इथे नाही बसायची. जागा तीस फुटांची आहे."

"तंबूवाल्यांचे नियम मला नका शिकवू, बाई. मी मागे घेतो, तुम्ही फक्त बघा."

सगळ्यांनी बघितलं. लोक खुर्च्या बाहेर काढून बसले. पहिल्या दणक्याला बाजूचं गुंडाळलेलं कापडी छत फांदीने ओढून काढलं. दुसऱ्या दणक्याला मागचा भाग दगडावर चढला आणि गाडी तिरकी होऊन वाटेत आडवी अडकून राहिली. आता ना कोणाला आत येता येईना, ना बाहेर जाता येईना.

"वॉनिता! मागे बघायला काय होतं तुला?" डर्क खिडकीतून ओरडला. वॉनिता काठी टेकत पायऱ्या उतरली, त्याच्याकडे वळूनही न पाहता अर्लीनजवळ आली आणि बाकावर बसली.

"तुला माहीत होतं ना गं?"

"पावतीवर लिहिलं होतं."

"मी ते नाही विचारलं."

अर्लीनने मान खाली घातली. "हो. माहीत होतं."

"मलाही," वॉनिता म्हणाली. "मार्चमध्ये वाचली मी पावती."

"मग त्याला बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं बोलतेय. म्हटलं, एकदा झाडांनाच सांगू दे."

सहा जणांनी मिळून तासाभरात गाडी सोडवली. डर्कने त्यांतल्या एकाचेही आभार मानले नाहीत. चाळीस मैलांवरच्या एका पेट्रोल पंपामागे त्याला जागा मिळाली. तो म्हणाला, चल. वॉनिता म्हणाली, मी इथेच राहते. तो एकटाच गेला.

तीन दिवस वॉनिता तंबूत घडीच्या खाटेवर झोपली. तिसऱ्या सकाळी तिचे गुडघे इतके आखडले की अर्लीनला तिला काखेत हात घालून उठवावं लागलं. वॉनिताने दात घट्ट मिटले होते, आणि अर्लीनला पहिल्यांदाच वाटलं की आपण भावाला मारलेला दगड दुसऱ्याच कुणाला लागला. दुसऱ्या टोकाची जागा घेतली असती, तर ही बाई रात्री नीट गादीवर झोपली असती.

"मी चुकले," ती म्हणाली.

"चुकलीस," वॉनिता म्हणाली. "आता मला पाण्यापर्यंत ने."

सुपीरियर तळ्याचं पाणी जुलैतही हाडं गोठवतं. वॉनिता घोट्यापर्यंत त्यात उभी राहिली, एका हाताने काठी आणि दुसऱ्याने अर्लीनचा खांदा धरून, आणि बराच वेळ बाहेर यायला तयार नव्हती.

डर्कने सप्टेंबरात गाडी विकली. उद्यानाचे रस्ते कसे भिकार आहेत, ते तो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. अर्लीन ऐकून घेते आणि कॉफी ओतत राहते. त्याचं म्हणणं खोडण्याइतकीही किंमत ती त्याला देत नाही.