भैयाजीच्या फटफटीचा पत्रा

भैयाजी ठेकेदाराच्या फटफटीला समोर पत्रा होता. गाडी लष्कराच्या लिलावातली, जुनी आणि जड. तिच्यापुढे गुडघ्यापासून छातीपर्यंत येणारा जाड पत्रा त्यानं नागपूरला बसवून घेतला होता. आलापल्लीच्या जंगलात फांद्या लागतात, चिखल उडतो, असं तो सांगायचा. पत्रा दोन लोखंडी पट्ट्यांवर उभा असे आणि त्या पट्ट्या दर आठ-पंधरा दिवसांनी तुटत. मग तो चांद्याला माझ्या दुकानात यायचा. मी शफी, लोहार. माझ्या कुऱ्हाडी गोंडपिपरीपर्यंत जात, आणि या दोन वीतभर पट्ट्यांनी माझी अब्रू घालवली होती.

आम्हा लोहारांना एकच औषध ठाऊक. तुटलं की जाड करा, पुन्हा तुटलं की कडक करा. मी आधी पाव इंची पट्टी लावली, मग ट्रकच्या कमानीचा पाटा कापून लावला, लाल करून पाणी दिलं. जितकी कडक करावी तितकी लवकर ती काडकन जाई. मला लोखंडाचा राग यायचा, स्वतःचा यायचा. भैयाजीचा यायला अजून वेळ होता.

चौथ्या वेळी पट्टी धावत्या गाडीवर तुटली. पत्रा चाकात गेला, भैयाजी तोंडावर आपटला आणि त्याचे दोन दात पडले. तिसऱ्या दिवशी तो लाकडाच्या ट्रकमधून उतरला आणि भर बाजारात त्यानं मला सायकलच्या चेननं मारलं. पाठीवर, मानेवर, खाली पडलो तेव्हा पोटऱ्यांवर. शेजारचे दुकानदार आपापल्या तराजूकडे पाहत राहिले. माझी बायको खैरुन मध्ये आली तर तिलाही एक बसली, कानामागून रक्त आलं. मग त्यानं माझा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि माझाच घण उचलला.

"आता तुटली त ह्या हाताचा भुगा करीन," तो म्हणाला. "सोमवारी गाडी घेऊन येतो."

घण बोटांपासून चार अंगुळांवर आदळला. त्याचा हादरा माझ्या दातांत गेला. या हातावर आमची चूल पेटत होती आणि दुसरं कुठलंच काम मला येत नव्हतं.

रविवारी मुखरू आला. हा गोंड गाडीवान भैयाजीच्याच कामावर लाकडं ओढायचा आणि बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायला माझ्याकडे यायचा. त्यानं माझी पाठ पाहिली, घणाची धमकी ऐकली, तुटके तुकडे हातात घेतले आणि चक्क हसला.

"लोखंडाले लोखंडाशी कसून राह्यला तू," तो म्हणाला. "त्यानं हालाव कुठी? माहा गाडा पाह्य. जू वादीनं बांधलं हाये."

म्हशीच्या ओल्या कातड्याची वादी. बांधली की वाळून आवळते, पण हिसका बसला की थोडी देते. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तुझ्याकडचा रस्ता इतका वाईट आहे का, असं मी विचारलं, तर त्यानं हातातले तुकडे खाली ठेवले.

"रस्त्यानं नाई तुटत, शफीभाऊ. माणसानं तुटते."

मग त्यानं सांगितलं. ओंडके वाहताना जो मागे पडेल त्याला भैयाजी मागून गाडीनं ठोकायचा. पत्रा त्यासाठीच होता. पट्टी तुटायची, पत्रा कलंडायचा, म्हणून माणूस फेकला जाऊन वाचायचा. मग मी पट्टी पक्की करत नाही, असं म्हणालो. पण ते म्हणताना माझा डोळा ऐरणीवर होता आणि मुखरूनं तो पाहिला. त्यानं गाड्यातलं कोरं कातडं काढून माझ्या मांडीवर टाकलं.

"तुहा हात गेला त लेकरं काय खातीन?"

मी ते घेतलं. खोटं कशाला बोलू, लगेच घेतलं. पट्ट्या मऊ ठेवल्या, सांध्यांत कातड्याच्या चकत्या घातल्या, वरून ओली वादी आवळली. सोमवारी भैयाजीनं पत्र्याला कचकचून लाथा घातल्या. पत्रा थरथरला आणि जागेवर आला. भैयाजी खूश झाला. महिना झाला तरी तो परत आला नाही आणि मी पोटभर जेवू लागलो.

मग एका दुपारी मुखरूचा गाडा दुकानासमोर थांबला. कासरा त्याच्या बायकोच्या, बुधरीच्या हातात होता. मुखरू गवतावर आडवा पडलेला, गुडघ्यांखाली दोन्ही पायांचा नुसता चिखल झालेला. बुधरीनं सांगितलं ते असं. बैल अडला, गाडा वाटेत थांबला, मुखरू चाकाला खांदा देत होता. भैयाजीनं त्याला पत्र्यानं चाकाशी दाबलं. पत्रा कलंडला नाही म्हणून गाडी मागे घेतली आणि पुन्हा दाबलं. तीनदा.

मी गाड्यावर चढलो. मला त्याचे पाय धरायचे होते, धरायला पाय उरले नव्हते. मी रडू लागलो. मुखरूनं डोळे उघडले, माझं मनगट पकडलं आणि माझी बोटं एकेक करून चाचपली.

"काई केलं त नाई ना त्यानं तुह्या हाताले?"

मी नाही म्हणालो. बरं झालं, असं तो म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं.