साठ शेरांचं पोतं

तीन चाकं, मोटारसायकलचं जुनं इंजिन, धक्के झेलणाऱ्या दोन कमानी आणि वेताची एक खुर्ची, एवढीच सैफुद्दीन मिस्त्रीने वाशीमजवळच्या मालेगावात स्वतः बांधलेली गाडी होती. आजारी आईला धक्का न लागता वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी ती कापसाच्या काट्यावर साठ शेर भरली होती. म्हणून खुर्चीत तेवढंच सरकीचं पोतं ठेवून त्याने महिनाभर कमानी जुळवल्या. शेवटी खड्ड्यांतूनही पोतं हलेनासं झालं.

आज त्याच्या बायकोने आईला खुर्चीत बसवलं. पहिल्याच खड्ड्यात ती वीतभर उसळली.

“काहून रे, वाशीमले नेतं का अल्लाकडं?”

“कमानी बिघडल्या वाट्टे, अम्मी.”

कमानी जशाच्या तशा होत्या. सैफुद्दीनने गाडी कापसाच्या काट्याकडे वळवली. त्याने आईला उचलून काट्याच्या पारड्यात बसवलं.

दुसऱ्या पारड्यात एकतीस शेर लागले.