जो टाकी ओततो, त्याचा नियम

रॉसने कॅरॅव्हॅनचं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि तसाच उलटा पायरीवरून खाली उतरला. टीशर्टची कड नाकावर ओढून तो म्हणाला,

"शी! कुणी केलं हे?"

मागे उभ्या असलेल्या नेरिडापर्यंत वास तोवर पोचलाच होता. अडतीस डिग्रीच्या उन्हात सकाळपासून बंद असलेल्या गाडीतला वास. संडासातल्या निळ्या औषधाचा गोडसर दर्प, आणि त्याच्याखालून येणारा दुसरा, ज्याच्यापुढे औषधानेही हात टेकले होते. अकरा वर्षांच्या लॉकीने आत डोकं घातलं आणि आनंदाने किंचाळला.

"ई! झडप उघडीच ठेवलीय कुणीतरी! आत मोठी केलीय!"

सहा वर्षांची हेझल गाडीच्या सावलीत उभी होती. तिने डोक्यावरच्या टोपीची माश्यांसाठीची जाळी हनुवटीपर्यंत खाली ओढली.

संडासाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं होतं. रॉसच्या हस्ताक्षरातलं, प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेलं: इथे फक्त लघवी. अॅडलेडला घरासमोर सामान भरताना पहिल्यांदा लागलं ते हेच कार्ड. संडासाखाली चाकं लावलेली वीस लिटरची टाकी. ती बाहेरच्या झाकणातून ओढून काढायची, नेमून दिलेल्या खड्ड्यावर न्यायची आणि ओतायची. हे काम रॉसचं. 'जो टाकी ओततो, त्याचा नियम,' असं तो म्हणे. या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांत हाच नियम असतो आणि पुरुषमंडळी तो एकमेकांना मोठ्या अभिमानाने सांगतात. मोठ्या कामासाठी पेट्रोलपंपाचा संडास, नाहीतर विसाव्याच्या जागेवरचा खड्ड्याचा संडास, तोही नसला तर फावडं, कागदाची गुंडाळी आणि झुडूप.

नेरिडाने तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. तिला तर बरंच वाटलं होतं. या सहा आठवड्यांत किळस येणार नाही अशी एकही गोष्ट तिच्या वाट्याला आली नव्हती. लोण्यात लाल धूळ, उशीवर लाल धूळ, नाक शिंकरलं तर रुमालावरही तीच. रस्त्याच्या कडेला पाय वर करून फुगलेली कांगारू, आणि त्यांच्या पोटातून चोच बाहेर काढून 'तुम्ही जा पुढे' अशा नजरेने बघणारे कावळे. डोळ्यांच्या कडांना चिकटणाऱ्या माश्या. काल दुपारी रस्त्यावरच्या खानावळीत रॉसने मांसाच्या तुकड्याबरोबर लोणी लावलेली दोन कणसं कुरतडली होती आणि पुढचे तीनशे किलोमीटर तो गाडी चालवता चालवता आगकाडीने दातातले दाणे काढत होता. काढलेला दाणा एकदा बघायचा आणि पुन्हा तोंडात टाकायचा. नेरिडाने सगळं सहन केलं. फक्त त्या टाकीला हात लावायची वेळ येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

रॉसने दोन्ही पोरांना समोर उभं केलं.

"मी नाही हं," लॉकी म्हणाला. "मी सकाळी फावडं घेऊन गेलो होतो. बाबा, तुम्हीच बघितलंत ना?"

"बघितलं." रॉस हेझलसमोर गुडघ्यावर बसला. आवाज मऊ केला. "हेझल, बाळा, खरं सांग. मी रागावणार नाही. कुणाला सांगणारसुद्धा नाही. तूच ना?"

हेझलने जाळीआडून आईकडे पाहिलं.

नेरिडाने बोलायला तोंड उघडलं आणि एक माशी सरळ घशात गेली. ती वाकून खोकत राहिली, थुंकत राहिली. माशी एकदाची बाहेर पडली, ओली, अजून पाय हलवणारी. नेरिडाने तोंड पुसून वर पाहिलं तेव्हा हेझलची मान होकारार्थी हलून झाली होती.

"शाबास," रॉस म्हणाला. "झालं. विषय संपला." आणि तो खिडक्या उघडायला आत गेला.

नेरिडाला आधी बरंच वाटलं, कारण हेझल चार दिवस गेलीच नव्हती. प्रवासाच्या पहिल्या आठवड्यात खड्ड्याच्या संडासावर बसली असताना खालून माश्यांचा थवा उठून तिच्या अंगाला लागला होता. चड्डी घोट्यात अडकलेली, तशीच किंचाळत ती बाहेर पळाली होती. तेव्हापासून तिने धरून ठेवायचं ठरवलं. आधी दोन दिवस, मग तीन. नेरिडा तिला सुके आलुबुखार भरवायची, पोट चोळायची आणि म्हणायची, उद्या चांगला संडास मिळेल हं. आताही 'उद्या अॅलिस गावी पोचू, तिथे फरशीचा संडास आहे' असं सांगून झालं होतं. निदान आता पोर मोकळी तरी झाली, असं म्हणून तिने हेझलला जवळ ओढलं आणि पोटावर हात ठेवला.

पोट सकाळी होतं तसंच टणक होतं.

"तू केलीस का गं?"

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

हेझल बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढत राहिली. "बाबा बोलायचे थांबावेत म्हणून."

आता उठून आत जायला हवं होतं. नेरिडा उठली नाही. लॉकी नाही, हेझल नाही, आपण नाही. मग राहिलं कोण, हा हिशोब काही अवघड नव्हता. पण तो करायचा म्हणजे भांडण, आणि भांडणात रॉस काय म्हणणार हे तिला तोंडपाठ होतं: मग तूच ओत ना टाकी. पोरीचं पोट दगड झालं तरी आपण गप्प बसलो ते या एका वाक्यापायी, हे तिला कळत होतं. स्वतःची किळस यायची म्हणजे काय, ते तिला त्या दुपारी समजलं.

पाच वाजता त्या मुक्कामाच्या जागेवर शेजारी लावलेल्या गाडीतल्या बेव्ह आणि नोएल या म्हाताऱ्या जोडप्याने खुर्च्या मांडल्या. पाच वाजले की ज्याने त्याने आपली खुर्ची आणि आपला ग्लास घेऊन यायचं, हा इथला रिवाज. न येणारा माणूस घमेंडखोर ठरतो. नेरिडा वाईन घेऊन बसली. हेझल तिच्या पायाशी खाली मातीत बसली.

"कुठून आलात आज?" नोएलने विचारलं.

"कूबर पेडीच्या अलीकडून," रॉस म्हणाला. त्याने बियरचा डबा उघडला. "आणि काय सांगू, दोस्त, सोबत बॉम्ब घेऊन आलो!"

नेरिडाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. दार कसं उघडलं, कसा मागे पडता पडता वाचला, वास कसा होता. नोएल हसून हसून खोकायला लागला. हसणारा समोर असला की रॉसला चेव येतो. त्याने नाक धरून दाखवलं, लटपटत चालून दाखवलं.

"आमच्याकडे तर मी बेव्हलासुद्धा आत सोडत नाही!" नोएल म्हणाला.

"लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि याची माया बघा," बेव्ह म्हणाली. ती हसत नव्हती. तिचं लक्ष खाली हेझलकडे होतं. "जाऊ दे ना रॉस. लहान आहे. होतं असं."

"लहान? एवढीशी पोर आणि एवढा माल! हेझल, हात वर कर बघू. सगळ्यांना दिसू दे आमची बॉम्बवाली!"

हेझलने हात वर केला नाही. तिने टोपीची जाळी गळ्यापर्यंत ओढली, कॉलरमध्ये खोचली आणि दोन्ही मुठींनी तिथेच घट्ट धरून ठेवली.

नेरिडाने ग्लास मातीत ठेवला आणि उठली.

"कुठे निघालीस?"

"टाकी ओतायला."

"काय?" रॉस अर्धवट उठला. "अगं सोड. सकाळी मी करतो ना. तुला जमायचं नाही ते, ओकशील."

"ओकेन."

"नेरिडा, अगं खरंच, मी—"

"तू बस. गोष्ट सांगतोयस ना, ती पुरी कर."

तिने बाहेरचं झाकण उघडलं, खिटी दाबली आणि टाकी ओढली. ती वाटलं होतं त्याहून जड होती. खडीवरून ओढताना आत काहीतरी डुचमळत होतं आणि ते हाताला कळत होतं. खड्डा म्हणजे सिमेंटच्या ओट्यात बसवलेली लोखंडी जाळी, बाजूला नळ. झाकण काढताच भपकारा आला. तिने मान फिरवली, पहिली ओकारी तशीच गिळली, दुसरी गिळता आली नाही. ओट्याच्या कडेला वाईन सांडली. तोंड बाहीला पुसून तिने पुन्हा टाकी उचलली आणि तिरकी केली. निळसर काळं पाणी आलं, कागदाचा लगदा आला, आणि शेवटी, एकदम, बाकीचं.

तिने नळ सोडला. पाण्याने सगळं पुढे ढकललं, पण जाळीच्या गजांवर काही राहिलं. मक्याचे दाणे. पिवळे, अख्खे, जसेच्या तसे. चार, पाच, आणि कडेला दोन.

काल पोरांनी नुसत्या बटाट्याच्या काचऱ्या खाल्ल्या होत्या. तिने टोस्ट खाल्ला होता.

नेरिडा नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली. माश्या तिच्या ओठांवर बसल्या, तिने त्या हाकलल्या नाहीत. गंमत म्हणजे आता तिला समोरच्या घाणीचं काही वाटत नव्हतं. घाण ती घाण, पाण्याने जाते. मागून रॉसचा आवाज येत होता, नोएलचं हसू येत होतं. 'कुणाला सांगणारसुद्धा नाही' म्हणताना मऊ केलेला तो आवाज तिला आठवला आणि तिला शिसारी आली. बारा वर्षं ती या माणसाच्या शेजारी झोपत होती.

तिने टाकी दोनदा विसळली, औषध घातलं, जागच्या जागी बसवली. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. मग आत जाऊन दारावरचं कार्ड नखाने उचकटून काढलं. डिंक कडक होता, थोडा रंगही निघून आला.

सात वाजता चौघं गाडीबाहेरच्या घडीच्या टेबलावर जेवायला बसली. बेव्ह आणि नोएल दहा पावलांवर आपल्या खुर्च्यांत अजून बसलेलेच होते. सॉसेज, ब्रेड, बटाटे. नेरिडाने मक्याचा डबा फोडला आणि सगळाच्या सगळा रॉसच्या ताटात उपडा केला.

"आई, मला पण मका," लॉकी म्हणाला.

"तुला नाही. तो बाबांचा आहे."

रॉसने ताटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिने नजर हटवली नाही. त्याच्या मानेवर खालून लाली चढत कानापर्यंत गेली. त्याने काटा उचलला आणि परत ठेवला.

"नेरिडा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अगं, पहाटे फार घाईची लागली होती. बाहेर गार होतं. मी सांगणारच होतो—"

"खा ना. तुला आवडतो."

तिने कार्ड खिशातून काढलं, दोनदा दुमडलं आणि रिकाम्या डब्यात घातलं.

"आजपासून टाकी मी ओतणार," ती म्हणाली. "तेव्हा नियम माझा. पोरांना कधीही, काहीही, आत. मोठ्यांना फावडं."

"बाबांनापण फावडं?" लॉकीने विचारलं.

"बाबांना तर पहिल्यांदा."

हेझल ब्रेडचा तुकडा हातात धरून ऐकत होती. जाळी तिने जेवायलाही वर केली नव्हती. जाळीखालून घास घालत होती.

"काहीही म्हणजे?" तिने हळूच विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही."

हेझल खुर्चीवरून उतरली. तिने टोपी काढली, नीट खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या चढून आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. लॉकी काहीतरी बोलायला गेला, तेव्हा नेरिडाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. रॉस एकेक दाणा काट्याला टोचून तोंडात घालत होता आणि चावत होता.

नेरिडाच्या सॉसेजचं तेल गोठलं. तिने कुठलाही घास घेतला नाही. तिचं सगळं लक्ष त्या दाराकडे होतं.

अखेर आतून पाण्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागोमाग हेझलचा, बेव्ह-नोएलच्या खुर्च्यांच्याही पलीकडे जाईल इतका मोठा:

"आईऽऽ! झालीऽऽ!"

"आले गं!" नेरिडा तेवढ्याच मोठ्याने ओरडली आणि खुर्ची मागे सारून उठली.